कुत्र्यानं तोडलेला वरचा ओठ खालच्या ओठातून परत केला, त्याचा अनुभव

माझ्या वरच्या ओठाचा मधला भाग कुत्र्यानं तोडला होता आणि तो ऑपरेशन करून परत तयार केला हे कळल्यापासून ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले लोक फोन करतायत. कुणाचा पुतण्या गाडीवरून पडलाय, कुणाच्या वडलांचा खालचा ओठ तंबाखूच्या कॅन्सरमुळं काढावा लागणारे. फोनवर सगळं सांगणं होत नाही, निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, कोरेगाव तालुक्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे, राहायला साताऱ्यात. माझ्यावर जे झालं आणि डॉक्टर मॅडमनी जे समजावलं ते सांगतो.

दुपारच्या खिचडीच्या वेळी शाळेच्या आवारात कुत्री जमतात. त्या दिवशी दोन कुत्री भांडायला लागली, पहिलीतलं एक पोरगं त्यांच्यात पडलं, त्याला उचलायला वाकलो आणि त्यातल्या एकानं थेट तोंड धरलं. आमच्या शाळेतल्या मॅडमनी मला हाताला धरून नळाखाली नेलं आणि साबण लावून वाहत्या पाण्यात जखम धुवायला लागल्या, मी ओरडतोय तरी सोडेनात, चांगली पंधरा मिनिटं धुतली. रेबीजच्या बाबतीत हे पंधरा मिनिटांचं धुणं फार महत्त्वाचं असतं, विषाणू तिथंच कमी होतो. हळद, चुना, कॉफी असलं काही लावायचं नाही. मॅडमना हे माहिती होतं हे माझं नशीब.

जवळच्या दवाखान्यात लस होती पण सिरम नव्हतं, म्हणून तसंच सातारला आणलं. सिरम म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, तयार अँटिबॉडी. लस टोचल्यावर शरीराला स्वतःच्या अँटिबॉडी तयार करायला वेळ लागतो आणि तोंडाची जखम मेंदूच्या जवळ असल्यामुळं तेवढा वेळ हातात नसतो, म्हणून सिरम वजनाप्रमाणं मोजून थेट जखमेच्या कडांमध्ये टोचतात. ओठाच्या फाटलेल्या कडेत सुई जाते तेव्हा काय होतं ते लिहीत नाही. पण रक्त आलेला चावा असेल, त्यातून तोंडावरचा, तर सिरम मिळाल्याशिवाय घरी येऊ नका, नुसती लस पुरत नाही. लस सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर कातडीत देतात, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, ते डोस मी सगळे पूर्ण केले.

ओठाचा तुटलेला तुकडा सापडलाच नाही. सापडला असता तरी कुत्र्याच्या तोंडातला चावलेला तुकडा परत जगला असता का सांगता येत नाही असं नंतर डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशी सिरम भरल्यावर कडा जेवढ्या जवळ येतील तेवढ्या आणून सैल टाके घातले, कारण चाव्याची जखम घट्ट शिवून बंद करायची नसते, आत घाण अडकते. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की आत्ता जीव वाचवायचं बघू, ओठाचं नंतर.

जखम भरली आणि मग आरशात दिसलं की नाकाखालची ती उभी खाच असते तिथपासून उजवीकडं ओठ नाहीच, तिथं वर ओढलेला व्रण आणि त्यातून पुढचे दोन दात कायम उघडे. लोक घरी यायचे, म्हणायचे डोळा वाचला हे काय कमी आहे, बाप्या माणसाला काय होतंय, मिशी वाढवा. व्रणावर मिशी उगवत नाही. आणि मिशीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न पाण्याचा होता. तांब्यानं वरून ओतून पाणी प्यायचं म्हणलं तर तोंड मिटत नाही, कपानं चहा प्यायचा तर मधूनच ओघळ, आमटी-भात खाताना हनुवटीखाली रुमाल. लग्नाकार्याला पंगतीत बसणं मी बंदच केलं. ओठ हा नुसता दिसायचा अवयव नाही, तोंडाभोवती गोल फिरणारा एक स्नायू आहे, तो तुटला की तोंड नावाची पिशवी कुठूनतरी उघडीच राहते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आणि मग प, फ, ब, भ, म. पाचही अक्षरं दोन ओठ टेकल्याशिवाय निघत नाहीत. मी पहिलीचा वर्ग घेतो. पहिलीची पोरं फळ्याकडं कमी आणि गुरुजींच्या तोंडाकडं जास्त बघतात, तोंड बघून आवाज काढतात. सुरुवातीला एकानं विचारलं, "गुरुजी, तुमचं व्हट कुठं गेलं?" ते मला लागलं नाही, पोरांनी सरळ विचारलेलं बरं असतं. लागलं ते पुढं. मी खालचा ओठ वरच्या दातांना लावून 'प' काढायचो, तो 'फ'सारखा पण वारा सुटलेला यायचा, आणि काही आठवड्यांनी शेजारच्या वर्गातल्या मॅडम हळूच म्हणाल्या, सर, तुमच्या वर्गातली चार-पाच पोरं 'पाणी' तुमच्यासारखं म्हणायला लागलीत, खालचा ओठ दाताला लावून. मी वर्गात जाऊन एकेकाला म्हणायला लावलं. खरं होतं. त्या रात्री घरी सांगितलं की आता ऑपरेशन करायचं.

कराडला एका प्लास्टिक सर्जन मॅडमकडं गेलो, बरोबर बायको आणि आबा. मॅडमनी आधी ओठ बोटांनी चाचपला, मला प ब म म्हणायला लावलं, गाल फुगवायला सांगितलं, पाणी प्यायला दिलं, आणि मग ओठाची मापं घेतली. म्हणाल्या, व्रण अजून कडक आहे, चावल्यापासून निदान सहा महिने तरी जाऊ द्या, तोवर रोज मसाज करा. तंबाखू, सिगरेट असेल तर आजपासून बंद, कारण निकोटिननं रक्तवाहिन्या आखडतात आणि आपलं सगळं काम एका बारीक रक्तवाहिनीवर चालणारे. मला व्यसन नव्हतं, पण हे त्या प्रत्येकालाच सांगतात.

मी विचारलं, मांडीची कातडी लावणार का. तर त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढून समजावलं, आणि मला वाटतं हे प्रत्येक पेशंटला कळलं पाहिजे. मांडीच्या कातडीला ओठाचा लाल भाग नसतो, आत स्नायू नसतो, आतल्या बाजूची ओली त्वचा नसते. ओठाला हे तिन्ही थर लागतात आणि ते शरीरात फक्त दुसऱ्या ओठातच एकत्र मिळतात. ओठ सैल असतो, ताणला जातो, त्यामुळं साधारण चौथा ते तिसरा हिस्सा गेला तर कडा ओढून सरळ शिवून टाकता येतं. तिसऱ्या हिश्श्यापासून दोन तृतीयांशापर्यंत गेला तर समोरच्या ओठातून किंवा उरलेल्या ओठातूनच तुकडा सरकवायचा. त्याच्याही पुढं गेला तर गालाचा भाग आत ओढून घ्यायचा, नाहीतर मग मनगटाजवळची कातडी रक्तवाहिनीसकट काढून मानेतल्या रक्तवाहिनीला जोडायची.

माझ्यासाठी त्यांनी ठरवलं ते अ‍ॅबे फ्लॅप. खालच्या ओठाच्या मधोमध इंग्रजी व्हीच्या आकाराचा तुकडा कापायचा, कातडी, स्नायू, आतली त्वचा सगळ्या जाडीसकट, पण पूर्ण सुटा करायचा नाही. एका बाजूला लाल कडेपाशी बारीकसा पूल ठेवायचा, कारण तिथनं ओठाची धमनी जाते. मग तो तुकडा त्या पुलावर उलटा फिरवून वरच्या ओठातल्या फटीत बसवायचा आणि शिवायचा. खालचा ओठ जिथनं कापला तो सरळ ओढून शिवायचा. तुकडा फटीच्या साधारण निम्म्या रुंदीचा घेतात, म्हणजे जी तूट आहे ती दोन्ही ओठांत वाटली जाते, एकच ओठ आखूड दिसत नाही. आणि दोन्ही ओठ त्या पुलानं एकमेकांना जोडलेले तसेच ठेवायचे, दोन-तीन आठवडे, तुकड्याला वरच्या ओठातून नवीन रक्त मिळेपर्यंत. मग पूल कापायचा.

बायको गप्प झाली. मीपण. दोन-तीन आठवडे ओठाला ओठ शिवून राहायचं ही कल्पनाच करवेना. आबा मात्र कागदाकडं बघत होते, ते म्हणाले, "मंजी भेटकलम की हे. फांदी आईच्या झाडावरच ठिवायची, रोपाला बांधायची, आन जीव धरला की मग तोडायची." मॅडमना भेटकलम माहिती नव्हतं, आबांनी त्यांना बैजवार समजावलं आणि त्या म्हणाल्या अगदी हेच. त्यानंतर मला भीती कमी वाटली हे खरं आहे. आबांनी आमच्या बांधावर कितीतरी कलमं बांधलेली आहेत.

ह्या ऑपरेशनला ज्याचं नाव आहे तो रॉबर्ट अ‍ॅबे न्यूयॉर्कचा, त्यानं 1898 मध्ये दुभंगलेल्या ओठासाठी ते केलं. त्याच्याआधी 1838 मध्ये इटलीत साबातिनीनं असंच केलं होतं, आणि 1872 मध्ये फिनलंडच्या एस्टलँडरनं तोंडाच्या कोपऱ्यासाठी. पण शेजारचा तुकडा रक्ताचा धागा न तोडता फिरवून बसवायचा ही युक्ती आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधीपासनं होती. सुश्रुतसंहितेत नाक-कानाची दुरुस्ती आहेच, आणि पेशवाईत पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाची कातडी फिरवून एका कारागिरानं परत केलं, इंग्रज साहेबांनी ते बघून लिहून पाठवलं आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये चित्रासकट छापून आलं. कावसजी इंग्रजांच्या फौजेबरोबर बैलगाडी हाकायचा, टिपूच्या माणसांनी पकडून त्याचं नाक कापलं होतं. नाक दुरुस्त करणारा वीटभट्टीवाल्या समाजातला असं त्यात लिहिलंय, त्याचं नाव आपल्यापर्यंत धड आलं नाही. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं 1814 मध्ये तसं ऑपरेशन केलं आणि तिथनं युरोपात हे पसरलं. मला ह्या गोष्टीचा फार आधार वाटला. आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात दोनशे वर्षांपूर्वी माणसं हे करत होती.

ऑपरेशनच्या दिवशी भूल द्यायच्या आधीच मॅडमनी मला बसवून ओठावर पेनानं खुणा केल्या. आडवं झोपवलं किंवा इंजेक्शननं ओठ सुजला की मूळची रेष हरवते म्हणून. ओठाचा लाल भाग संपतो आणि कातडी सुरू होते त्या सीमेवर एक बारीक उठावदार रेष असते, ती वरची आणि खालची तंतोतंत जुळली पाहिजे, एक मिलिमीटर जरी खालीवर झालं तरी समोर बसून बोलणाऱ्याला दिसतं. श्वासाची नळी तोंडातून न घालता नाकातून घातली, कारण तोंड ओढलं गेलेलं चालत नाही. बाकीचं मला काही माहिती नाही.

जाग आली तेव्हा तोंडाच्या मधोमध काहीतरी घट्ट, आणि दोन्ही बाजूंना फक्त बोटभर फट. डोक्यावरून हनुवटीखाली पट्टी, जांभई आली तरी जबडा उघडू नये म्हणून. उलटी होऊ नये म्हणून इंजेक्शन दिलेलं होतं. नर्स सारखी येऊन तो तुकडा बघायची, बोटानं दाबायची, सोडायची, परत गुलाबी होतोय का. पांढराफटक पडला तर रक्त पोचत नाही, निळाजांभळा झाला तर रक्त परत जात नाही. पहिल्या रात्री थोडा जांभळट झाला होता आणि मॅडम रात्रीच येऊन बघून गेल्या, सकाळपर्यंत रंग सुधारला. त्या रात्री मी झोपलो नाही, आबापण बाकड्यावर बसूनच होते.

मग घरी. त्या आठवड्यांबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात. खाणं म्हणजे पातळ, सिरिंजला मऊ नळी लावून बाजूच्या फटीतून. नाचणीची पेज, डाळीचं पाणी गाळून, ताक, दूध, केळ्याचं पातळ शिकरण, बायकोनं मिक्सरमध्ये काय काय फिरवलं त्याला गणती नाही. स्ट्रॉनं जोरात ओढायचं नाही, ताण येतो. प्रत्येक खाण्यानंतर क्लोरहेक्झिडिन ह्या जंतुनाशकाच्या पाण्यानं चूळ, ती पण सिरिंजनंच मारायची, टाक्यांवर मलम. बोलायचं नाही. मी पाटी घेऊन बसायचो आणि धाकटी माझी पाटी मोठ्यानं वाचून दाखवायची. सर्दी झाली की खरी पंचाईत, नाक चोंदलं तर श्वास त्या दोन फटींतूनच, त्यामुळं वाफ घेत राहायचो. वजन उतरलं. दाढी करता येत नाही. हसू आलं तर दुखतं. पण खरं सांगतो, वेदना मला वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी होत्या, जास्त होता तो कंटाळा आणि कुणी घरी आलं की त्यांची ती नजर. ज्याच्या घरात हे होणारे त्यांनी एवढं करा, त्या दिवसांत बघायला माणसं बोलावू नका.

कातडीचे बाहेरचे टाके आठवड्याच्या आत काढले, आतले आपोआप विरघळतात. पूल कापायचं ऑपरेशन छोटं असतं, तोंड जोडलेलं असताना पूर्ण भूल देणं अवघड, म्हणून जागेवर बधिर करून केलं. कापायच्या आधी मॅडमनी पूल चिमट्यानं दाबून धरला आणि तुकडा गुलाबीच राहतोय ना ते बघितलं. राहिला. मग कात्री. कापल्याचं कळलं नाही, फक्त ओठ सुटला आणि कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. दोन्हीकडच्या कडा नीट बसवून शिवल्या. आबांना बाहेर जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, "धरलं नव्हं?"

पुढं काय होतं तेही सांगतो कारण ह्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. नवा तुकडा पहिले काही महिने सुजल्यासारखा, उशीसारखा फुगीर दिसतो. घाबरायचं नाही, मसाज आणि सिलिकॉन जेल, हळूहळू बसतो. त्याला स्पर्श कळत नाही, नस कापलेली असते, ती शेजारून परत वाढत येते आणि त्याला कित्येक महिने लागतात, वर्षभरसुद्धा. तोवर गरम चहा आधी बोटानं बघायचा, ओठाला भाजलेलं कळत नाही. स्नायू पण तसाच, आधी नुसता लटकलेला, मग एक दिवस गाल फुगवताना वारा अडला. तोंडाचा घेर थोडा कमी होतो, मोठा घास, आख्खी भाकरी मोडून कोंबायची सवय सोडावी लागली, त्यासाठी तोंड ताणायचे व्यायाम दिले होते ते मी अजून करतो. खालच्या ओठावर हनुवटीच्या दिशेनं एक उभा व्रण राहतोच, ती किंमत आहे आणि ती आधीच सांगितलेली होती. आणि पुरुषांसाठी एक, तुकड्याबरोबर हनुवटीवरचे दाढीचे केस वर येतात, म्हणजे मिशीत तेवढ्या पट्ट्यात केस उगवतात, पण तुकडा उलटा फिरवलेला असल्यामुळं ते वरच्या दिशेनं उगवतात. कात्रीनं बारीक ठेवले की दिसत नाही.

'प' परत यायला वेळ लागला. स्पीच थेरपिस्टनी आरशासमोर, हातावर वारा बघत, पा पा पा, बा बा बा असं करून घेतलं, घरी धाकटी शिकवायची. वर्गात मी पहिल्या दिवशी 'पाणी' लिहिलं आणि म्हणलं. ज्यांनी चुकीचं उचललं होतं ती पोरं एव्हाना दुसरीत गेली होती, त्यांनाही मधल्या सुट्टीत बोलावून परत म्हणून घेतलं.

पैशाचं. विमा कंपनीनं आधी फाइल परत पाठवली, कॉस्मेटिक म्हणून. मी त्यांना पॉलिसीतलंच वाक्य दाखवलं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या गोष्टींत कोड 08 कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा असतो, पण त्याच कलमात लिहिलेलं असतं की अपघात, भाजणं किंवा कॅन्सर ह्यांनंतरची पुनर्रचना त्यातून वगळलेली आहे, म्हणजे ती द्यावी लागते. मॅडमकडून पत्र घेतलं ज्यात खाणं, पिणं, बोलणं काय होत नाही ते मुद्देसूद होतं, जोडीला चाव्याच्या वेळचा केसपेपर, लसीची नोंद आणि फोटो. मग मंजूर झालं. ज्यांचा विमा नाही त्यांनी हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि आपलं ऑपरेशन त्यात बसतं का हे आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आधीच विचारावं, अ‍ॅडमिट झाल्यावर नाही.

ज्यांच्या वडलांचं कॅन्सरचं आहे त्यांचा रस्ता थोडा वेगळा असतो. तिथं आधी गाठ भोवतालच्या चांगल्या कडेसकट काढतात, मानेतल्या गाठी तपासतात, आणि खालचा ओठ किती गेला त्यावर बाकीचं ठरतं. कारापान्जिच म्हणून एक पद्धत आहे, 1974 ची, युगोस्लाव्हियातल्या सर्जनची, त्यात उरलेला ओठच नसा आणि रक्तवाहिन्या सांभाळून दोन्हीकडनं मध्ये सरकवतात, एकाच ऑपरेशनमध्ये होतं, ओठाला स्पर्श आणि हालचाल राहते, पण तोंड लहान होतं, कवळी घालणाऱ्याला त्रास होतो. म्हणून डॉक्टरांना तीन-चार गोष्टी जरूर विचारा, फट केवढी राहील, तुकडा कुठनं घेणार, तोंड किती दिवस जोडलेलं राहील, आणि शेवटी तोंड केवढं उघडेल. आणि जाताना दुखापतीच्या किंवा गाठीच्या आधीचा हसरा फोटो बरोबर न्या, मॅडमनी माझा लग्नातला फोटो ऑपरेशन थिएटरच्या भिंतीला चिकटवून ठेवला होता. माझी लाल रेष उजव्या बाजूला अजून किंचित वर आहे, ती जागेवर बधिर करून सरळ करता येते म्हणाल्यात, दिवाळीच्या सुट्टीत करून घेणार आहे.